व्हिसा नामंजूर झाल्यावर

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे उन्हाळ्याचे दोन महिने काढून यावेत, नातीचे बारसे तिकडेच उरकावे, किंवा निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून एकवार पॅरिस आणि आल्प्स डोळ्यांखालून घालावेत, अशा निर्मळ हेतूने ज्यांनी अर्ज केलेला असतो आणि ज्यांच्या पासपोर्टाबरोबर एके दिवशी कुरियरच्या पाकिटातून नकाराचा छापील कागद बाहेर पडतो, त्या मंडळींना प्रवास हुकल्याच्या दुःखाआधी आपल्या अब्रूवरच कोणी हात टाकल्यासारखे वाटते. उभी हयात नोकरी निष्कलंक केली, कोणाची दमडी बुडवली नाही, आणि आता कोणी परका अंमलदार, आपले तोंडही न पाहता, आपण मायदेशी परत येऊ याविषयी संशय व्यक्त करतो! मग शेजारीपाजारी ‘जाणे जरा लांबले’ एवढेच सांगितले जाते आणि तो कागद कपाटातल्या तळच्या फाइलीत जाऊन पडतो. शेजाऱ्यांपासून ही गोष्ट लपवली म्हणून काही बिघडत नाही. परंतु तीच लपवालपवी पुढच्या अर्जाच्या रकान्यात उतरली म्हणजे जे नुकसान होते, ते मूळ नकारापेक्षा कितीतरी पटींनी मोठे असते. त्यास्तव पहिले काम असे की तो कागद फाइलीतून बाहेर काढावा आणि चष्मा लावून, राग ओसरल्यावर, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. पुढचा अर्ज म्हणजे त्या कागदाला द्यावयाचे उत्तर आहे, आणि प्रश्नच वाचला नाही तर उत्तर कशाचे लिहावयाचे?

युरोपातील एकोणतीस देशांचा जो सामाईक प्रवेशप्रदेश, लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारावरून, त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो, त्याचा व्हिसाविषयक कायदा २००९ सालचा असून, अर्ज कोणकोणत्या कारणांसाठी नाकारता येतो हे त्याच्या बत्तिसाव्या कलमात बांधून दिलेले आहे. ही कारणे एका ठरावीक नमुन्यावर छापलेली असतात आणि अंमलदार त्यांतील लागू असलेल्या कारणापुढे खूण करतो. खोटा पासपोर्ट, सार्वजनिक सुरक्षिततेस धोका, एकशे ऐंशी दिवसांतले नव्वद दिवस आधीच संपलेले असणे, ही कारणे सामान्य प्रवाशाच्या वाट्याला क्वचितच येतात. त्याच्या वाट्याला येतात ती निराळी: प्रवासाचा हेतू व स्वरूप पुरेसे स्पष्ट केलेले नाही; दिलेली माहिती विश्वसनीय वाटत नाही; मुक्कामासाठी आणि परतीसाठी पुरेसे द्रव्य असल्याचा पुरावा नाही; आणि सर्वांत झोंबणारे म्हणजे, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याविषयी वाजवी शंका आहे.

या वाक्यांची भाषा मोघम असली तरी तिच्यामागे बहुधा अगदी ठोस गोष्ट दडलेली असते. हेतूविषयीच्या हरकतीचे उदाहरण घेऊ. ज्या देशात मुक्कामाचे सर्वाधिक दिवस असतील त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकावयाचे तिकडे, असा शेंगेनचा नियम आहे. आपल्याकडे होते असे की, स्वित्झर्लंडच्या भेटीची वेळ मिळत नाही म्हणून कोणी शहाणा जिथे वेळ लवकर मिळते अशा तिसऱ्याच देशाकडे अर्ज घालण्याचा सल्ला देतो. कागदावर त्या देशातल्या दोन रात्रींच्या सहा रात्री केल्या जातात. मात्र आगगाडीचे आरक्षण, विम्याचे दिनांक आणि मुलाने पाठवलेले निमंत्रण हे सगळे जुन्याच बेताची साक्ष देत राहतात. कागद वाचणे हाच ज्याचा रोजचा धंदा आहे अशा माणसाला ही विसंगती सापडण्यास फार वेळ लागत नाही, आणि मग तो ‘माहिती विश्वसनीय नाही’ या कारणापुढे खूण करतो. यात त्याचा अन्याय कोणता, हे मला तरी सांगता येणार नाही.

द्रव्याविषयीच्या हरकतीचे मूळ पुष्कळदा खात्यातील रकमेत नसून तिच्या चालीत असते. वर्षभर खात्यात चाळीस-पन्नास हजारांची शिल्लक खेळत असावी आणि अर्जापूर्वी आठ दिवस तिथे एकदम सहा लाख येऊन बसावेत, हे पाहिल्यावर ती रक्कम उसनी आणून दाखवण्यापुरती ठेवली आहे असा तर्क कोणीही करील. वस्तुतः ती मुदत ठेव मोडून आलेली असते, किंवा भावाने वाडवडिलांच्या जागेचा हिस्सा दिलेला असतो; पण हा खुलासा अर्जदाराच्या मनात असतो आणि अर्जात नसतो. ठेव मोडल्याची पावती, हिश्शाचा नोंदलेला दस्तऐवज, आणि त्या नोंदीकडे बोट दाखवणारी पत्रातली एक ओळ, एवढ्याने जे साधते ते आणखी दोन लाख भरून साधत नाही. निवृत्तिवेतनधारकांनी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि तीच रक्कम दरमहा खात्यात जमा होत असलेला उतारा शेजारी शेजारी लावावेत. आयकराचे विवरणपत्र जी मिळकत सांगते तीच मिळकत अर्जाच्या रकान्यात यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात ठळकपणे दिसत नसेल तर सातबाऱ्याचा उतारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडाव्यात. मराठीतला सातबारा तसाच जोडून अंमलदाराने तो वाचावा अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे मामलेदार कचेरीचा मोठेपणा जरा जास्तच मानणे होय.

आणि नावांचा गोंधळ! आपल्या समाजात स्त्रीचे नाव लग्नानंतर बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, नोकरीच्या दप्तरी आद्याक्षरेच असतात, बँकेत आडनाव आधी आणि पॅनकार्डावर शेवटी; घरात याचे कोणाला काही वाटत नाही. परंतु पासपोर्टावरची सुमती अनंत देशपांडे आणि घराच्या खरेदीखतावरची सुमन विष्णू कुलकर्णी ही एकच बाई आहे, हे परक्या अंमलदाराला कोणी सांगितल्यावाचून कळण्याचा संभव नाही. तसे न कळले तर तिच्या नावावर मिळकत नाही आणि परत येण्याचे कारणही नाही, असा निष्कर्ष तो काढतो. विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडल्याने ही अडचण मिटते, आणि तरीही हा कागद सर्वांत अधिक विसरला जातो.

परतीविषयीच्या शंकेचे उत्तर एका कागदाने देता येत नाही. नोकरीत असलेल्याने रजा मंजूर झाल्याचे पत्र द्यावे, ज्यात रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी. धंदा असेल तर त्याची नोंदणी व कर भरल्याच्या पावत्या. घरी वृद्ध आई असेल, धाकट्या मुलाचे शिक्षण चालू असेल, तर तेही सांगावे. पूर्वीच्या प्रवासांतून वेळेवर परतल्याचे शिक्के जुन्या पासपोर्टात असतील तर त्या पानांच्या प्रती लावण्यास विसरू नये. पहिल्याच प्रवासासाठी पुरे नव्वद दिवस मागणे कायद्याने गैर नाही, परंतु सहलीचा बेत तीन आठवड्यांचा असता तीन महिन्यांचा व्हिसा मागितला तर ती शंका आपणच हातात दिल्यासारखे होते.

कारण समजल्यावर प्रश्न उरतो तो दाद मागावी की नवा अर्ज करावा हा. शेंगेन देशांत दाद मागण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला असून ती कोठे व किती मुदतीत मागावयाची हे नकाराच्या कागदावरच लिहिलेले असते. पण रीत प्रत्येक देशाची निराळी. फ्रान्सच्या नकाराविरुद्ध तीस दिवसांच्या आत, फ्रेंच भाषेत लिहिलेली आणि स्वाक्षरी केलेली कैफियत नांत शहरातील अधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. स्वित्झर्लंडमध्येही मुदत तीस दिवसांचीच असून आगाऊ रक्कम भरावी लागते. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा विनाशुल्क अर्ज करता येत असे आणि आपल्याकडच्या अनेकांनी त्याचा लाभही घेतला. ती सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद करण्यात आली आणि आता तेथे बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावणे हाच मार्ग राहिला आहे. जुन्या ऐकीव माहितीवर विसंबून फेरविचाराचे पत्र धाडून स्वस्थ बसणाऱ्याची मुदत मात्र निघून जाते.

माझे मत असे की, जो कागद आपण खरोखर जोडला होता तोच जोडला नाही असे नकारपत्र म्हणत असेल, किंवा अंमलदाराची वस्तुस्थितीविषयी उघड चूक झाली असेल, तर दाद मागावी. कागद मुळातच अपुरे होते तर सरळ नवा अर्ज करावा. अमुक महिने थांबलेच पाहिजे असे बंधन शेंगेनच्या कायद्यात नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, निर्णयास साधारणतः पंधरा दिवस आणि प्रसंगी पंचेचाळीस दिवसही लागतात. सहल पुढच्या महिन्यात असेल तर अपिलाचा निकाल तोवर येईल ही आशा सोडावी. आता काही खर्च निमूटपणे सोसावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढासाठी नव्वद युरो असलेली फी परत मिळत नाही. व्हीएफएस ग्लोबलसारखी जी संस्था कागद व बोटांचे ठसे घेते तिचे सेवाशुल्कही परत मिळत नाही, आणि निर्णय तिच्या हाती नसल्याने तिच्या खिडकीवर हुज्जत घालण्यातही काही अर्थ नाही.

अमेरिकेची तऱ्हा सर्वस्वी वेगळी. तेथे १९५२ सालच्या कायद्यातील दोनशे चौदा ‘बी’ या कलमान्वये प्रत्येक पर्यटक हा कायमचा राहावयास येत आहे असेच प्रथम गृहीत धरले जाते, आणि ते गृहीत खोडून काढण्याचा भार अर्जदारावर असतो. आपल्याकडे आरोपीला निरपराध मानून आरंभ होतो. तेथे उलट आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळसा संताप निवतो. या नकारावर अपील नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत जी मुलाखत होते ती काही मिनिटांची असते आणि पुष्कळदा अंमलदार कागदांच्या जुडग्याला हातही लावीत नाही. तो अर्जातील उत्तरे आणि तोंडची उत्तरे जुळतात की नाही हे पाहतो. अन् हीच आपल्या वडीलधाऱ्यांची खरी अडचण आहे. अर्ज भरलेला असतो न्यू जर्सीतल्या चिरंजीवांनी, तोही मध्यरात्री, नोकरीहून दमून आल्यावर. त्यात मुक्काम आठ आठवड्यांचा लिहिलेला असतो, आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या मातोश्री सरळ मनाने सांगतात की तो म्हणेल तितके दिवस राहू. वडील मुलाच्या कंपनीचे नाव सांगू शकत नाहीत. खोटे कोणीच बोलत नाही आणि तरी परवाना हुकतो. म्हणून मुलांना माझे सांगणे आहे की, अर्ज पाठवण्याआधी तो आईवडिलांना ओळीगणिक वाचून दाखवावा. इंग्रजी अडखळत असेल तर मुंबईच्या वकिलातीत मराठीतून मुलाखत देता येते. ही सोय मागण्यात कमीपणा नाही.

मुलाने पाठवलेले खर्चाचे हमीपत्र अमेरिकेच्या व्हिसाला फारसे उपयोगी पडत नाही, कारण तेथे अर्जदाराचे स्वतःचे भारतातील पाश पाहिले जातात, तिकडच्या नातलगांची आश्वासने नव्हेत. हाच कागद जर्मनीत मात्र, मुलाने तेथील परकीय नागरिकांच्या कचेरीत रीतसर हजर होऊन केला असेल तर, अर्जाचा कणा ठरतो. एका देशासाठी रचलेली फाइल उचलून दुसऱ्या देशाकडे पाठवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. अमेरिकेविषयी आणखी एक: मुलाखतीनंतर दोनशे एकवीस ‘जी’ या कलमाचा उल्लेख असलेली चिठ्ठी हाती पडली तर काही कागद किंवा काही चौकशी बाकी आहे असा तिचा अर्थ असतो, मागितलेले कागद वर्षाच्या आत दिले तर नवी फी भरावी लागत नाही. दोनशे चौदा ‘बी’नंतर पुन्हा अर्ज केव्हाही करता येतो, परंतु तीच परिस्थिती, तेच बोलणे आणि तोच अर्ज घेऊन पंधरवड्याने पुन्हा उभे राहणे म्हणजे १८५ डॉलर दान करणे आहे. निवृत्तीची थकबाकी हाती आली, घर स्वतःच्या नावावर झाले, मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या देशाचा प्रवास करून परत आलो, असे काही सांगण्यासारखे असावे; अथवा आधीच्या अर्जात खरोखरच चूक होती व ती आता सुधारली आहे असे तरी असावे.

ब्रिटनचे नकारपत्र या सर्वांत वाचनीय असते. त्यात अंमलदार तुमच्या मिळकतीचे आकडे आणि खात्यातील जमा यांची तुलना करून आपली शंका सविस्तर मांडतो, आणि त्यामुळे उत्तर देणेही सोपे जाते. कुटुंबीयांना भेटावयास जाणाऱ्यांना तेथे पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता. २५ जून २०१३ पासून तो काढून घेण्यात आला, आणि मानवी हक्कांच्या अगदी मर्यादित मुद्द्यावाचून सामान्य पाहुण्याला आज नवा अर्ज हाच व्यवहार्य उपाय आहे. कॅनडात राहणाऱ्या मुलाला, आईवडिलांची लेखी संमती घेऊन, माहितीच्या कायद्याखाली अंमलदाराने दप्तरात केलेली टिपणे मागवता येतात. २०२५ पासून काही नकारपत्रांबरोबर अशी टिपणे आपोआप पाठवण्यासही तेथील खात्याने आरंभ केला आहे.

आता पूर्वी सूचित केलेल्या लपवालपवीकडे वळतो. अमेरिकेचा अर्ज विचारतो, यापूर्वी आमचा व्हिसा नाकारला गेला होता काय. ब्रिटन व कॅनडा तर अन्य कोणत्याही देशाने नाकारला होता काय हेही विचारतात. येथे ‘नाही’ असे लिहिण्याचा मोह मोठ्या सज्जनांनाही होतो, आणि ‘कोण बघतंय’ असे सांगणारे दलाल असतातच. बघतात. शेंगेन देशांच्या सामाईक दप्तरात नकाराची नोंद पाच वर्षे राहते व ती सर्वांना दिसते. इंग्रजी भाषक देश बोटांच्या ठशांवरून आपसांत माहितीची देवाणघेवाण करतात. फसवणूक केल्याचे ठरले तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांची आणि कॅनडात पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. अमेरिकेत महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचा ठपका जन्मभर पुसला जात नाही, आणि त्यातून वाट काढावयाची तर खास सूट मागावी लागते. एरवीचा नकार हा पुढच्या अर्जात नीट उत्तर दिले की मागे पडतो. अर्ज दलालाने भरला, मला ठाऊक नव्हते, ही सबब चालत नाही. स्वाक्षरी ज्याची, जबाबदारी त्याची. व्हिसाची खात्री देणारा, बनावट तिकिटे किंवा बँकेचा तयार उतारा पुरवणारा जो कोणी भेटेल त्याच्या दुकानाची पायरी उतरून यावे हे बरे.

नव्या अर्जासोबतचे पत्र एका पानाचे असावे. अमुक तारखेस, अमुक क्रमांकाचा माझा अर्ज अमुक कारणास्तव नामंजूर झाला, असे पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहावे. मग त्या कारणाचे उत्तर, आणि उत्तराच्या प्रत्येक विधानापुढे ते सिद्ध करणाऱ्या जोडपत्राचा क्रमांक. आपल्या पिढीला अर्ज लिहिण्याचे जे वळण आहे, त्यात मायबाप सरकारची आळवणी, आपल्या घराण्याचा लौकिक आणि शेवटी आज्ञाधारकपणाची ग्वाही हे सगळे येते. ते येथे वगळावे. आधीच्या अंमलदारावर टीकाही करू नये. ‘तुमच्या देशात राहण्याची आम्हांला हौस नाही’ असे एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलेले मी वाचले आहे. वाक्य बाणेदार होते, पण त्याला जोडपत्र कोणते लावणार? आधीच्या अर्जात काही चुकले असेल तर ते चुकले असे मान्य करून दुरुस्त माहिती द्यावी. गुपचूप बदललेला आकडा जुन्या अर्जाशी ताडून पाहिला जातोच.

पतिपत्नींपैकी एकाला व्हिसा मिळाला आणि दुसऱ्याला नाही, असेही घडते, कारण प्रत्येक अर्जाचा निर्णय स्वतंत्र असतो. मिळालेला व्हिसा धोक्यात येत नाही. ज्याचा नाकारला गेला त्याने दुसऱ्याच्या व्हिसाची प्रत व विवाहाचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करावा. सहल-कंपनीकडे पैसे भरलेले असतील तर नकाराच्या प्रसंगी कोणती रक्कम कापली जाईल हे करारात आधीच पाहिलेले बरे, आणि विमा कंपनीकडे नकारपत्राची प्रत पाठवून हप्ता परत मिळतो काय हे विचारावे; काही कंपन्या तो देतात. विमानाचे न परतणारे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी काढू नये; आरक्षणाचा कागद बहुतेक वकिलातींना पुरतो.

दुसराही अर्ज नामंजूर झाला, आणि कारण तेच राहिले, तर वर्षभर थांबावे असे मी सुचवीन. तोवर भेट घडवण्याची एक वाट अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही: आईवडिलांनी मुलाकडे जाण्याऐवजी दोघांनी मिळून तिसऱ्या देशात भेटावे. मॉरिशसला भारतीय पासपोर्टधारक पर्यटकास आगाऊ व्हिसा लागत नाही, मुंबईहून विमान आहे, आणि एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही गणेशोत्सव करतात. मुलाने मात्र आपल्या कामाच्या परवान्यावर परत प्रवेश मिळण्यास काही हरकत नाही ना, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. आणि आईवडिलांनी परतीचे तिकीट, मुक्कामाचे आरक्षण व खर्चापुरत्या पैशांचा पुरावा हातपिशवीत वरच ठेवावा, कारण तेथील विमानतळावरचा अंमलदारही हेच तीन कागद मागू शकतो.